कारागिराचा इलाज कोणाच्या खात्यावर?

कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ गेला. भिवंडीचा ग्रे माल, अहमदाबादचे डेनिम, उल्हासनगरची शिलाई यांचा हिशेब माझ्या बोटांवर असतो. जागेचे भाडे, लाइटबिल, मजुरी, टेम्पो, दलाली, वॉशिंग, परत आलेला माल, बुडालेली उधारी, प्रत्येकाला माझ्या खातेवहीत रकाना आहे. एक रकाना मात्र इतक्या वर्षांत कधी आखला नव्हता, तो कारागिराच्या आजारपणाचा. तो खर्च माझा नाही, असेच मी धरून चाललो होतो. मग तो कोणाचा, हा प्रश्न गेल्या वर्षी मला पडला. आपल्या बाजारातल्या पुष्कळ भावांना तो कधी ना कधी पडेल, म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

दोन पेशंट, एकच कारखाना

माझी गादी उल्हासनगरात, घर अंबरनाथला आणि माझे बरेचसे कारागीर बदलापूरकडच्या चाळींत राहतात. जागा तिकडे थोडी स्वस्त म्हणून. सकाळच्या लोकलने ते उलटे उल्हासनगरला येतात.

जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री माझ्या छातीत कळ आली. मुलाने गाडी काढली, एका खाजगी हॉस्पिटलात नेले. विम्याचे कार्ड दाखवताच आत घेतले. दोन तासांत तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी रक्तवाहिनीत स्टेंट बसला. बिल दोन लाख ऐंशी हजारांचे झाले. त्यातले अकरा हजार मी भरले, बाकी विमा कंपनीने. पंधराव्या दिवशी मी गादीवर बसून बिले फाडत होतो.

त्याच सुमारास माझ्या कारखान्यातला ओव्हरलॉकचा एक कारागीर खोकू लागला. चार वर्षे माझ्याकडे होता, हात साफ, नागा कमी. मी विचारले तर म्हणाला, "सेठ, कापडाच्या धुळीचा खोकला आहे, जाईल." मीही तेच म्हणालो आणि विषय संपवला. गल्लीतल्या डॉक्टरने सुई टोचली, सिरप दिले. प्रत्येक फेरीला तीनशे रुपये. खोकला थांबेना तेव्हा दुसरा डॉक्टर, मग खाजगी लॅब, एक्स-रे, स्कॅन. तीन महिन्यांत बावीस हजार रुपये गेले. त्यातले पंधरा हजार माझ्याकडून उचल घेतलेले होते आणि दर आठवड्याच्या मजुरीतून मी ते कापतही होतो.

मे महिन्यात कोणीतरी त्याला सरकारी रुग्णालयाची वाट दाखवली. तिथे थुंकी तपासली आणि क्षयरोग निघाला. केसपेपरला पैसा नाही, तपासणीला नाही, औषधाला नाही. जे निदान पहिल्या पंधरवड्यात फुकट झाले असते, ते तीन महिन्यांनी आणि बावीस हजार रुपये घालवून झाले. त्या तीन महिन्यांत तो बंद खोलीत आणखी सोळा जणांबरोबर बसून शिवत होता. नंतर सगळ्यांची तपासणी केली, तेव्हा एकोणीस वर्षांचा एक हेल्परही पॉझिटिव्ह निघाला.

मी आणि तो, एकाच छताखाली रोजी कमावणारे दोघे. एकाला दोन तासांत इलाज मिळाला, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. त्याची हिंमत किंवा अक्कल माझ्यापेक्षा कमी नव्हती. फरक खिशातल्या कार्डाचा होता. आणि त्याच्या खिशात कार्ड का नव्हते, याचे उत्तर माझ्या कपाटात होते.

कागदावरचे दोन कारखाने

आता कबुलीच द्यायची तर पूर्ण देतो. माझ्याकडे सतरा माणसे होती. कागदावर मात्र दोन कारखाने होते : नऊ माणसे माझ्या नावावर, आठ धाकट्या भावाच्या नावावर. मध्ये एक लाकडी पार्टिशन. कटिंग मास्टर एक, मालक एक, चहावाला एक. ही युक्ती मला एका जुन्या व्यापाऱ्याने शिकवली आणि मी ती पुढे दोघांना शिकवली. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दहा किंवा अधिक माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. बाजारात तिला आपण 'ईएसआय' म्हणतो आणि तिचे नाव निघाले की चेहरा वाकडा करतो.

ही योजना १९४८ च्या कायद्याने आली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची. पीसरेटवाला कारागीर येत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. आपल्या जागेत, आपल्या देखरेखीखाली जो शिवतो, तो मजुरी पिसावर घेवो वा महिन्यावर, कामगारच आहे. आणि पार्टिशन घालून एक कारखाना दोन दाखवले, तरी मालक, काम आणि जागा एकच असेल तर विमा महामंडळ दोन्ही एक धरू शकते.

हिशेब मांडून पाहू

आपण व्यापारी माणसे, हिशेबानेच बोलू. १ जुलै २०१९ पासूनचे दर असे : मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्का. पूर्वी हेच दर ४.७५ आणि १.७५ टक्के होते. दर उतरले, पण आपली भीती तेवढीच राहिली.

महिना १५,००० रुपये कमावणारा कारागीर घ्या. त्याच्या मजुरीतून जातात ११२ रुपये ५० पैसे. मालकाच्या खिशातून ४८७ रुपये ५० पैसे. एकूण ६०० रुपये. चार वर्षांत माझ्या कारागिराचे ५,४०० आणि माझे २३,४०० रुपये भरले गेले असते.

त्याच्या बदल्यात काय मिळाले असते? स्वतःला आणि कुटुंबाला दवाखाना, रुग्णालय, औषध. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम. क्षयरोगासारखे लांबणारे जे आजार यादीत आहेत, त्यांना त्यापुढे ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. अट एवढीच की दोन वर्षे सलग नोकरी असावी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असावी. बाईमाणसाला बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी. कामावर अपघात होऊन हात गेला तर पेन्शन आणि जीव गेला तर घरच्यांना पेन्शन.

माझा कारागीर सहा महिने घरी बसला. महिना १५,००० प्रमाणे ९०,००० रुपये बुडाले. विमा असता तर पहिल्या तीन महिन्यांचे सुमारे ३१,५०० आणि पुढच्या तीन महिन्यांचे सुमारे ३६,००० असे ६७,५०० रुपये हातात आले असते. त्याऐवजी मिळाले काय? क्षयरुग्णांना सकस आहारासाठी सरकार महिन्याला १,००० रुपये देते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. तेवढ्यावर आणि बायकोने घरी बसून जीन्सचे धागे कापून मिळवलेल्या पैशांवर पाच माणसांचे घर चालले. मोठ्या मुलीची शाळा सुटता सुटता राहिली.

आता मालकाची बाजू पाहू. सतरा माणसांचा माझा वाटा महिन्याला ८,२८७ रुपये ५० पैसे. माझ्याकडे दिवसाला दोनशे पिसे उतरतात, सव्वीस दिवसांत ५,२००. म्हणजे एका पँटीमागे एक रुपया साठ पैसे. एवढी वर्षे मी जी भीती बाळगली, ती एका पँटीमागे एक रुपया साठ पैशांची होती. चेन आणि बटणाच्या भावात यापेक्षा मोठा फरक आपण दर महिन्याला सोसतो.

तीन गावे, एक लोकल

कारागिराचा इलाज असा का लांबतो, हे समजायला आपल्या भागाकडे पाहावे लागेल. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. बराकीत राहून त्यांनी बाजारपेठ उभी केली. पुढे अंबरनाथला औद्योगिक वसाहत वाढली आणि मुंबईत जागा न परवडणारे लोक बदलापूरपर्यंत पसरले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ सुमारे अडीच लाख आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास होते. त्यानंतर किती इमारती उठल्या, ते लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारावे.

या साऱ्या लोकसंख्येचा भार मुख्यतः उल्हासनगर कॅम्प तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयावर पडतो. सुमारे दोनशे खाटांचे हे सरकारी रुग्णालय. तिथे तिन्ही गावांचे रुग्ण येतात, शिवाय मुरबाड आणि कर्जतकडचेही. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. पण दुखणे गंभीर झाले की "पुढे घेऊन जा" हा शब्द ऐकायला मिळतो. पुढे म्हणजे कळवा, नाहीतर शीव, केईएम, जे.जे. बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सत्तरेक किलोमीटर आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो कल्याण-डोंबिवलीच्या खाजगी आयसीयूत थांबतो. ज्याच्याकडे नाही तो अँब्युलन्सच्या भाड्यासाठी मोबाइल गहाण टाकतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली होती. त्यातले काही अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. शेवटच्या अवस्थेत माणूस का येतो, हे आपल्यासारख्यांनी समजून घ्यावे. आधी तो गल्लीतल्या सुईवर, मग उचलीवर, मग दागिन्यावर दिवस काढतो. सारे संपले की मोठ्या सरकारी दारात पोहोचतो.

आणि या भागाच्या हवापाण्याबद्दल आपला धंदाही जबाबदार आहे, हे विसरून चालणार नाही. जीन्स धुण्याचे रंगीत पाणी वर्षानुवर्षे वालधुनीत गेले. कोर्टकचेऱ्या होऊन २०१८ मध्ये उल्हासनगरची धुलाई युनिटे बंद झाली, तेव्हा बाजार रडला आणि मीही रडलो. पण २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा नदीकाठी राहणारे कोण होते? आपलेच कारागीर. ते रसायन आपल्या धंद्याचे नव्हते असे म्हणून आपण हात झटकू शकतो. पण नदीला गटार आपण सगळ्यांनी मिळून केले.

दिलेले, पण न पोहोचलेले

सरकारने काहीच दिले नाही असे म्हणणे बरोबर नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय त्यातच येते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिचा विमा दीड लाखांवरून पाच लाखांवर गेला आणि १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. ठरावीक यादीतले उपचार, ठरावीक रुग्णालयांत.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल रुग्णांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी ठेवावी लागते. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात अडवता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा, एवढेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०० जागांचे. तज्ज्ञ डॉक्टर या भागात टिकून राहतील, अशी त्यामुळे आशा आहे.

मग अडते कुठे? कागदावर. माझ्या कारागिराचे रेशनकार्ड उत्तर प्रदेशातल्या गावी, भाडेकरार नाही, आधारवर जुना पत्ता. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्यालाही मराठी अर्ज भरताना तरुणपणी घाम फुटायचा. ज्याला वाचताच येत नाही त्याने काय करावे? सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले की मुसलमान कामगार मोठ्या प्रमाणात असंघटित धंद्यांत आहेत आणि बायका घरबसल्या कामात. ज्याच्या हातात पगाराची चिठ्ठीच नाही, त्याच्यासाठी इलाजाची अर्धी दारे बंद असतात. ती चिठ्ठी आपण देत नाही.

खाजगी विम्याचेही असेच. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. माझा हप्ता हलका झाला. माझ्या कारागिराला त्याचा फायदा शून्य, कारण त्याच्याकडे पॉलिसीच नव्हती.

बाजारातल्या चार हरकती

ही गोष्ट मी बाजारात काढली तेव्हा चार हरकती पुढे आल्या.

पहिली : कारागीर तीन महिन्यांत दुसरीकडे जातो, त्याचा विमा मी का भरू? उत्तर : विम्याचा नंबर कारागिराचा असतो, कारखान्याचा नाही. तो जिथे जाईल तिथे नंबर बरोबर जातो. आज तुम्ही भरा, उद्या त्याचा नवा सेठ भरेल.

दुसरी : कारागीरच कपात नको म्हणतो. खरे आहे. माझ्याकडेही दोघांनी कुरकुर केली. पण महिन्याचे ११२ रुपये म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरची अर्धी फेरीसुद्धा नाही, हे समजावल्यावर दोघेही गप्प झाले.

तिसरी : विम्याच्या दवाखान्यात रांग लांब, औषध संपलेले, डॉक्टर उशिरा. ही तक्रार मी नाकारत नाही. पण आपण वर्गणीच भरली नाही तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? हजारो कारागीर नोंदले गेले, तर सुधारणा मागायला बाजाराच्या संघटनेला जोर येईल. आज आमची माणसे कागदावर नाहीतच, मग त्यांच्यासाठी खाट कोण वाढवील?

चौथी आणि सर्वात खरी : शेजारी भरत नाही, मी भरले तर माझी पँट महाग होईल. एक रुपया साठ पैशांनी. यावर उपाय एकट्याचा नाही, बाजाराचा आहे. सगळ्यांनी मिळून सुरू केले तर भावाचा प्रश्नच राहत नाही. नव्या संहितेनुसार दहापेक्षा कमी माणसे असली, तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने सामील होता येते. म्हणजे लहान कारखानदारालाही आता वाट मोकळी आहे.

जकात वेगळी, हक्क वेगळा

रमजानात आपल्या गादीवर चिठ्ठ्या येतात. कोणाचे डायलिसिस, कोणाचे ऑपरेशन, कोणाचे कॅन्सर. आपण अडीच टक्के काढतो, देतो आणि मन हलके होते. जमातींचे बैतुलमाल चालतात, मोहल्ल्यांतून अँब्युलन्स चालतात. हे चांगले आहे, वाढले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई व्यापारीच होते आणि १८४५ मध्ये उघडलेले त्यांच्या नावाचे रुग्णालय आजही गरिबांचे दार आहे. व्यापाऱ्याच्या दानाची ताकद त्यातून दिसते.

पण कारागिराचा हक्क जकातीतून फेडता येत नाही, हे कोणीही मौलवी सांगेल. मजुरी वेळेवर आणि पुरी देण्याची ताकीद आपल्या दीनने केली आहे. विम्यातला मालकाचा वाटा कायद्याने मजुरीबरोबरच देणे आहे. तो दाबून ठेवायचा आणि त्याच कारागिराला रमजानात पाच हजार रुपये देऊन दुवा घ्यायची, हे मी केले आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याने माझ्याकडून मदतीचे पाकीट घेतले आणि "सेठ, अल्लाह बरकत दे" म्हणाला, तेव्हा मला मान वर करता आली नाही. त्याचे पैसे मीच खाल्ले होते आणि दुवाही मलाच मिळत होती.

१ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात विमा महामंडळाने 'स्प्री' योजना काढली : या मुदतीत स्वतः होऊन नोंदणी करणाऱ्याकडून मागची थकबाकी मागितली जाणार नव्हती. ऑक्टोबरात मी पार्टिशन काढले, दोन कारखाने कागदावरही एक केले आणि सतरा माणसांची नोंद केली. सल्लागाराची फी धरूनही खर्च माझ्या वार्षिक दिवाळी मिठाईपेक्षा कमी आला. मागची उचल माफ केली. ती मेहेरबानी नव्हती, उशिरा केलेली परतफेड होती.

बाजाराच्या संघटनांना माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस एका दुकानात टेबल मांडा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड, विम्याचा नंबर, हे अर्ज तिथे भरून द्या. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारा एक शिकलेला मुलगा बसवा, त्याचा पगार आपण वाटून देऊ. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्या माणसाला सिरप नको, सरकारी रुग्णालयात थुंकी तपासायला पाठवा. आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका.

माझा कारागीर डिसेंबरात कामावर परत आला. वजन भरले आहे. हेल्परचा कोर्सही पुरा होत आला. पहिल्या दिवशी त्याने मशीनला तेल घातले, धागा ओवला आणि विचारले, "सेठ, माझी किती उचल बाकी आहे?" मी खातेवही उघडून दाखवली. त्याच्या नावापुढे बाकी शून्य होती. शेजारी एक नवा रकाना आखला होता आणि त्यात त्याचा विम्याचा नंबर लिहिला होता.